हिंगोलीची आगगाडी आणि तळ्याकाठचं हैदराबाद

(सेनगाव येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे.)



शेजारच्या देशातल्या तळ्याकाठच्या शहरांना आगगाडीनं जाणं, हा विषय ऐकून कुणाला नेपाळ आठवला असेल, कुणाला आणखी काही. आणि सेनगावात तर रेल्वेच नाही. आपलं जवळचं स्टेशन हिंगोली. तरीही हा विषय इथलाच आहे, कारण शेजारचा देश आपल्याला कधी लांब नव्हता. इथून उत्तरेला रिसोडच्या, वाशीमच्या बाजूला निघालं की १९४८ पर्यंत राज्य बदलत होतं. अलीकडे निजाम सरकार, पलीकडे इंग्रज सरकार. वऱ्हाडातली माणसं आपल्या भागाला सरळ 'मोगलाई' म्हणत. 'मोगलाईत पोरगी दिली' असं म्हणताना मुलगी परमुलखात दिल्याचा सूर असे. अंतर किती, तर बैलगाडीचा एक दिवस.

आपली कयाधूच बघा ना. ती उगम पावते वाशीम जिल्ह्यात आणि मग सेनगाव, हिंगोली, कळमनुरी करत पैनगंगेला मिळते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या हिशेबानं ती परदेशात जन्मलेली नदी.

ही सीमा इथं पडली कशी, ते आधी सांगतो, कारण त्यात हिंगोलीचा हात आहे. निजामाच्या राज्यात इंग्रजी अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज होती, हैदराबाद कंटिन्जंट. तिच्या छावण्यांपैकी एक हिंगोलीला होती. फौज इंग्रजांच्या हुकमात, पगार मात्र निजामानं द्यायचा. तो पगार थकत गेला, कर्ज वाढत गेलं, आणि १८५३ च्या तहात त्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. रायचूर आणि नळदुर्गाकडचा भागही गेला होता, तो १८६० मध्ये परत मिळाला. वऱ्हाड परत मिळालं नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानं घेऊन टाकलं, आणि पुढच्याच वर्षी त्याची मध्यप्रांताशी जोडणी झाली. कंटिन्जंटही १९०३ मध्ये हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. पलटण गेली, पण तिच्या पगारापायी पडलेली सीमा राहिली. हिंगोली आणि वाशीम एकाच तऱ्हेच्या मराठीत बोलणारी, एकाच काळ्या मातीची गावं. त्यांच्यामध्ये ही रेघ पडली ती शिपायांच्या थकलेल्या पगारामुळे. मला तरी यापेक्षा मोठं कारण सापडत नाही.

सीमा म्हणजे नुसती कागदावरची नव्हे. नाणं वेगळं होतं. आपल्याकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार. सरकारी भाव असा की ११६ रुपये १० आणे ८ पै हाली दिले की १०० रुपये कलदार मिळत. आकडा भयंकर दिसतो, पण बाजारातल्या माणसाला सोपा होता: सात हाली म्हणजे सहा कलदार. टपालाची तिकिटं वेगळी. सरकारी भाषा उर्दू. सरकारी साल फसली, त्याचे महिने आजूर, दै, बहमन असे. आणि जकातीचं खातं, ज्याला करोडगिरी म्हणत, त्याचे नाके. वाशीमच्या बाजारातून चार वस्तू आणायच्या तर आधी करोडगिरीच्या नाक्यावरून यायचं.

आता आगगाडीकडे येऊ. इंग्रजी मुलखातली मुंबई-नागपूर लाईन १८६० च्या दशकातच अकोल्यावरून गेली. निजामाची पहिली लाईन वाडी ते सिकंदराबाद, १८७४ ची. मराठवाड्याच्या वाट्याला रेल्वे आली ती त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी, मनमाड ते सिकंदराबाद, गोदावरी खोऱ्याची रेल्वे, ३९१ मैल. १९०० च्या सुमारास, म्हणजे ऐन छप्पनच्या दुष्काळाच्या तोंडावर, ती सुरू झाली. या लाईनवरच्या पूर्णा स्टेशनापासून १९१२ मध्ये हिंगोलीपर्यंत फाटा काढला, सुमारे ८० किलोमीटरचा. हिंगोली तेव्हा कापसाची मोठी पेठ होती, फाटा त्यासाठीच.

आणि हा रूळ हिंगोलीत येऊन थांबला. पुढं वाशीम, पुढं अकोला, तिथं मोठी लाईन तयार. मध्ये फार मोठा डोंगर नाही की समुद्र नाही. पण सरहद्द होती. १९१२ पासून पुढं जवळजवळ अर्धं शतक रूळ हिंगोलीलाच संपत होता. नकाशा नीट पाहिला तर कळतं की ही रेल्वे फक्त एकाच दिशेला नेत होती. सेनगावचा माणूस बैलगाडीनं हिंगोलीला आला, डब्यात बसला, की तो पूर्णेला जाणार आणि पूर्णेहून हैदराबादला.

तुम्ही म्हणाल, पूर्णेहून मनमाड, मनमाडहून मुंबईही जाता येत होतं की! येत होतं. पण आपली लाईन छोटी, मीटरगेज, मुंबईची मोठी. मनमाडला उतरा, गाठोडी-ट्रंका काढा, हमाल बघा, दुसऱ्या गाडीची वाट बघा. कापसाच्या गाठींनाही तोच नियम, एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरायच्या. हैदराबादकडे मात्र सगळा रूळ एकाच मापाचा. रुळाच्या मापानंही माणसाची राजधानी ठरते, हे आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत फारसं येत नाही. राजे येतात, लढाया येतात, गेज येत नाही.

तर मग हा प्रवास करू या. हिंगोलीहून निघालं की नांदापूर, बोल्डा, वसमत, मग पूर्णा. तिथं गाडी बदलायची. नांदेड, मुदखेड, उमरी, धर्माबाद. धर्माबादपर्यंत फलाटावर मराठी ऐकू येते, पुढं तेलुगू सुरू होते. बासरला सरस्वतीचं देऊळ. लेकराला पहिलं अक्षर गिरवायला न्यायचं ते ठिकाण, आजही मराठवाड्यातली कुटुंबं तिथं जातात. गोदावरी ओलांडली की निजामाबाद, म्हणजे जुनं इंदूर. मग कामारेड्डी, आणि सिकंदराबाद. छोट्या लाईनची गाडी पुढं काचीगुड्याला जाई. ते सुंदर स्टेशन १९१६ चं. पूर्णेपासून सिकंदराबाद सुमारे ३०० किलोमीटर. आज धर्माबाद आणि बासर यांच्यामध्ये महाराष्ट्र संपून तेलंगणा सुरू होतो. तेव्हा तिथं काही नव्हतं, दोन्ही बाजूंना एकच सरकार.

आणि शहर तळ्याकाठचं. हुसेनसागर. बहुतेकांना वाटतं आधी शहर झालं आणि मग शोभेसाठी तळं. उलट आहे. तळं १५६२ च्या सुमाराचं, इब्राहिम कुतुबशहाच्या काळातलं, हुसेन शाह वली यांच्या देखरेखीखाली बांधलेलं. चारमिनार १५९१ चा. म्हणजे पाणी आधी, आणि त्यानंतर जवळपास तीस वर्षांनी हैदराबाद. तळ्याच्या दुसऱ्या अंगाला, उत्तरेकडे, १८०६ मध्ये सिकंदराबाद वसलं, तिसरा निजाम सिकंदरजाह याच्या नावानं, पण इंग्रजांची छावणी म्हणून. एका काठावर निजामाची राजधानी, दुसऱ्या काठावर इंग्रजांचा अंमल, आणि मध्ये बांधाचा रस्ता. हिंगोली आणि वाशीममध्ये जी सीमा होती, तीच सीमा तुम्ही एवढा प्रवास करून गेलात तरी तळ्याच्या बांधावर पुन्हा भेटायची. दुसरं महायुद्ध संपल्यावरच सिकंदराबादचा तो भाग निजामाकडे परत आला.

हैदराबादला पुढं आणखी दोन तळी झाली. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला महापूर आला, हजारो माणसं गेली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावलं, आणि त्यांच्या योजनेतून उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. पूर अडवायचा आणि शहराला पाणीही पाजायचं, अशी दुहेरी सोय. कयाधूकाठच्या माणसानं, जिथं उन्हाळ्यात पात्रात झिरे खणावे लागतात, तिथल्या माणसानं ते पाणी पाहिलं असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल, याची नोंद कुठल्या दफ्तरात सापडायची नाही.

आता एक मजेदार खटला सांगतो. निजामाच्या राज्यातून जाणारी रेल्वेची जमीन, तिच्यावर हुकूम कुणाचा? निजामानं त्या पट्ट्यावरचा न्यायाधिकार इंग्रजांना देऊन ठेवला होता. वाडी लाईनवरच्या शंकरपल्ली स्टेशनावर महंमद युसुफुद्दीन नावाच्या, निजामाच्याच प्रजेतल्या माणसाला पकडलं. वॉरंट होतं सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटचं! प्रकरण थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं, आणि १८९७ मध्ये तिथं निकाल लागला की अटक बेकायदा आहे. इंग्रजांना दिलेला अधिकार रेल्वेच्या कारभारापुरता. डब्यात बसलेला किंवा फलाटावर उभा असलेला प्रत्येक माणूस काही इंग्रजांचा होत नाही. म्हणजे गाडी कुठल्या देशातून जातेय आणि आत बसलेला माणूस कुठल्या देशाचा, हा प्रश्न तेव्हाच्या न्यायाधीशांनाही सोपा नव्हता.

लोक कशासाठी जात? तळं बघायला कोण जाणार! मुख्य कारण अदालत. जमिनीचं भांडण मुन्सिफाकडे सुरू होई आणि अपिलात हैदराबादच्या हायकोर्टापर्यंत जाई. १९२० ची ती लाल दगडाची इमारत, मुसीच्या काठी. तारखेला जायचं, वकिलाकडे थांबायचं, तारीख पुढं गेली की परत यायचं. कागद सगळे उर्दूत. घरात मराठी बोलणारा माणूस आपल्याच शेताचा निकाल दुसऱ्याकडून वाचून घेई.

दुसरं कारण शिक्षण. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं, माध्यम उर्दू. मराठवाड्यात कॉलेजं जवळजवळ नव्हतीच. त्यामुळे शिकायचं म्हणजे गाडीत बसायचं. आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण नरहर कुरुंदकरांचं. वसमतजवळच्या कुरुंद्याचे, जन्म १९३२ चा. ते हैदराबादला सिटी कॉलेजात शिकायला गेले, मामांकडे राहून. मामा म्हणजे डॉ. ना. गो. नांदापूरकर, उस्मानियात मराठीचे प्राध्यापक. आडनावातलं नांदापूर तुम्हाला माहीतच आहे, मघाशी आपण त्या स्टेशनावरून गेलो. कुरुंदकरांच्या लिहिण्यात उर्दू कागदपत्रांची आणि इस्लामच्या इतिहासाची जी जाण दिसते, ती पुण्यात बसून आली नसती. माझं मत असं की ती या लाईनची देणगी आहे.

हैदराबादला मराठी माणसांनी आपलं गावच केलं होतं. विवेकवर्धिनी शाळा १९०७ ची. तिच्यामागे केशवराव कोरटकर, वामनराव नाईक अशी माणसं उभी होती. कोरटकर जुन्या परभणी जिल्ह्यातले, पुढं तिथल्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. 'निजाम विजय' हे मराठी साप्ताहिक १९२० पासून तिथून निघे. तेव्हा मराठवाड्याचं सार्वजनिक जीवन औरंगाबादेपेक्षाही हुसेनसागराच्या काठी जास्त चालत होतं, असं म्हटलं तर चुकणार नाही.

आता १९४७ वर येतो. इथं जरा सावकाश बोलावं लागेल.

१५ ऑगस्ट १९४७ ला वाशीम स्वतंत्र भारतात होतं आणि सेनगाव नव्हतं. निजामानं विलीन व्हायचं नाकारलं. २९ नोव्हेंबरला वर्षभरासाठी 'जैसे थे' करार झाला. म्हणजे तेरा महिने आपण खरोखरच शेजारच्या देशाच्या आत होतो, निदान त्या देशाचा तसा दावा होता. रझाकारांचा जोर वाढला. सीमेवरच्या गावांतली कुटुंबं वऱ्हाडात निघाली. आणि इथं त्या अर्धवट रुळाचा अर्थ कळतो. गाडी होती ती हैदराबादकडे नेणारी. जीव वाचवायचा तर जायचं होतं उत्तरेला, आणि तिकडं रूळच नव्हता. बैलगाडीनं, पायी, रात्री, पैनगंगा ओलांडून. उमरखेडसारख्या पलीकडच्या गावांत स्टेट काँग्रेसचे सशस्त्र कॅम्प उभे राहिले, ते याच सीमेच्या आडोशानं.

रेल्वेही त्या लढ्यात ओढली गेली. उमरी, जे मघाशी मुदखेडनंतर आलं, तिथली बँक स्वातंत्र्यसैनिकांनी ३० जानेवारी १९४८ ला लुटली, लढ्याला पैसा हवा म्हणून. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. २२ मे १९४८ ला सोलापूर-गुलबर्गा लाईनवर गाणगापूर स्टेशनात मुंबईकडे जाणाऱ्या मेलमधल्या प्रवाशांवर हल्ला झाला. त्या दिवसांत निजामाच्या हद्दीतून नुसती गाडीनं जाणं हेही धाडसाचं काम होऊन बसलं.

१३ सप्टेंबरला फौजा शिरल्या, १७ ला निजामानं शरणागती दिली. तो दिवस आपण मुक्तिदिन म्हणून साजरा करतो, आणि तो करायलाच हवा. पण नंतरच्या आठवड्यांत जे घडलं तेही याच इतिहासात आहे. अनेक ठिकाणी मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारनं पंडित सुंदरलालांच्या समितीला पाहणीला पाठवलं. सगळ्यात जास्त झळ बसलेले म्हणून त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सांगितले. तो अहवाल कित्येक वर्षं लोकांसमोर आला नाही. कितीतरी मुसलमान कुटुंबं गाव सोडून हैदराबाद शहरात गेली. म्हणजे एक माणूस सरहद्दीकडे पायी पळाला आणि काही महिन्यांनी त्याचा शेजारी त्याच गाडीनं तळ्याकाठी पळाला. पहिला परत आला. दुसऱ्यांतले बरेच तिथलेच झाले. आपल्या गावात कुणाची ओसाड पडलेली जागा 'अमक्याचा वाडा' म्हणून ओळखली जात असेल, तर तो अमका कुठं गेला, हे विचारायला हरकत नाही. अजून सांगणारी माणसं आहेत, फार दिवस असणार नाहीत.

पुढचं थोडक्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. १ मे १९६० ला महाराष्ट्र. राजधानी एका दिवसात हैदराबादहून मुंबईला गेली, पण रूळ कुठं हलतो? त्याच सुमारास, १९६० च्या आसपास, हिंगोलीच्या पुढची ती तुटलेली लाईन अखेर अकोला, खांडव्याला जोडली गेली. सीमा पुसल्यावर रूळ पुढं सरकला. मग काचीगुडा ते जयपूर अशी मीनाक्षी एक्सप्रेस हिंगोलीवरून धावू लागली, छोट्या लाईनवरची ती लांबलचक गाडी इथल्या कितीतरी जणांना आठवत असेल. पूर्णा-अकोला मोठी लाईन व्हायला २००८ उजाडलं. खांडव्याकडचं काम मेळघाटच्या जंगलाच्या वादात रखडलं.

आणि दक्षिण मध्य रेल्वे १९६६ मध्ये झाली, तिचं मुख्यालय सिकंदराबाद. २००३ मध्ये नांदेड विभाग वेगळा झाला, पण तोही सिकंदराबादच्याच हाताखाली. हिंगोली स्टेशनाचं रेल्वेच्या दफ्तरातलं नाव आजही 'हिंगोली डेक्कन' आहे. आपला कलेक्टर, आपलं हायकोर्ट, आपलं विद्यापीठ, सगळ्यांनी तोंड फिरवलं. औरंगाबादला विद्यापीठ १९५८ मध्ये आलं, हायकोर्टाचं खंडपीठ १९८१ मध्ये. रेल्वेनं मात्र तोंड फिरवलेलं नाही. हिंगोलीहून मुंबईला गाडी हवी, अशी मागणी केली तरी तो कागद अजून तळ्याकाठच्या कचेरीत जातो. नांदेड विभाग मध्य रेल्वेला जोडा, ही मागणी त्यातूनच येते. ती बरोबर की चूक, यावर मतभेद असू शकतात. पण तिचं मूळ १९१२ च्या त्या फाट्यात आहे, हे लक्षात घेतलं पाहिजे.

कागदांचंही तेच. आपली जुनी नोंदबुकं, सनदा, शिरगणतीचे तक्ते यांतलं बरंच हैदराबादच्या दफ्तरखान्यात आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला निजामकालीन नोंदी शोधायला तिकडंच जावं लागलं, हे आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचलं. आरक्षणाच्या वादात मी इथं शिरत नाही. एवढंच बघा, की सत्तर-पंचाहत्तर वर्षांनंतरही घराण्याचा पुरावा हवा तर वाट हुसेनसागराकडेच जाते.

जाता जाता एक कामाची गोष्ट, कारण व्याख्यान झालं की हा प्रश्न येतोच. घरातल्या पेटीत उर्दूतला जुना कागद सापडला, तर त्यावर साल असेल फसली. १३५७ फसली असं दिसलं तर त्यात ५९० मिळवा, १९४७ येतं. पण ते वर्ष ६ ऑक्टोबरला, आजूरच्या पहिल्या तारखेला सुरू होतं, म्हणून पहिले तीन महिने सोडले तर पुढच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवायचे. महिन्याचं नाव आधी वाचून घ्या, मग बेरीज करा. कागद लॅमिनेट करू नका, घडीवर चिकटपट्टी लावू नका. आणि वाचून घ्यायला गावातल्या ज्या वडीलधाऱ्यांना उर्दू येतं त्यांच्याकडे आधी जा, हैदराबाद नंतर.

आता प्रश्न घेऊ.